कोरडे डोळे : दवाखान्यातील आकडे आणि घरातील दुर्लक्ष

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



वार्षिक समारंभाला डोळ्यांच्या डॉक्टरला बोलावले म्हणजे तो मोतीबिंदू, काचबिंदू किंवा मधुमेहाने जाणारी दृष्टी अशा एखाद्या मोठ्या रोगावर बोलेल, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते आणि ती योग्यच आहे. परंतु आज मी एक अगदी साधी वाटणारी तक्रार आपल्यापुढे मांडणार आहे. ती म्हणजे डोळे कोरडे पडणे. या तक्रारीने माणूस सहसा आंधळा होत नाही, म्हणून तिच्याकडे कोणी लक्ष देत नाही. मात्र तिच्यामुळे मुलांचा अभ्यास बिघडतो, शिवणकाम करणाऱ्या भगिनीचे काम निम्म्यावर येते, आणि घरातील वडीलधाऱ्यांचे वाचन हळूहळू बंद पडते. ही शिक्षण संस्था आहे. डोळ्यांवाचून शिक्षण कठीण, म्हणून हा विषय या व्यासपीठावर अस्थानी ठरणार नाही असे मला वाटते.

या विषयाची दुसरीही एक बाजू आहे. डोळ्यांच्या दवाखान्यात येणाऱ्या शंभर रुग्णांपैकी किती जणांचे डोळे कोरडे असतात, या प्रश्नाला आपल्याच देशात निरनिराळी उत्तरे मिळाली आहेत, आणि त्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. हा फरक का पडतो, हे समजून घेतले तर विद्यार्थ्यांना टक्केवारी वाचण्याची दृष्टी येईल आणि पालकांना आपल्या घरात काय चुकते आहे ते दिसेल.

अश्रू म्हणजे केवळ रडण्याचे पाणी नव्हे

अश्रू म्हटले की आपल्याला दुःख आठवते. परंतु दुःख असो वा नसो, निरोगी डोळ्यावर अश्रूंचा एक अत्यंत पातळ थर चोवीस तास पसरलेला असतो. त्याची जाडी मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाइतकीच असते. बुबुळावरचा पारदर्शक पडदा हा शरीराचा असा भाग आहे की ज्यात रक्तवाहिन्या नसतात. त्याला लागणारा प्राणवायू मुख्यतः हवेतून, या अश्रूंच्या थरामार्फत मिळतो. धूळ धुऊन नेणे, जंतूंना अटकाव करणे आणि डोळ्याचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत ठेवणे, ही कामेही हाच थर करतो. पृष्ठभाग खडबडीत झाला की चष्मा कितीही अचूक असला तरी अक्षर स्पष्ट दिसत नाही.

हे अश्रू म्हणजे नुसते पाणी नाही. त्यात तीन पदार्थांचा मेळ असतो. डोळ्याला चिकटून राहणारा बुळबुळीत श्लेष्मा, अश्रुग्रंथीतून येणारे खारट पाणी, आणि सर्वांत वर तेलाचा सूक्ष्म तवंग. हे तेल पापण्यांच्या कडेला असलेल्या बारीक ग्रंथींतून येते. वरच्या पापणीत अशा साधारण पंचवीस ते चाळीस आणि खालच्या पापणीत वीस ते तीस ग्रंथी असतात. जर्मनीतील हाइनरिक मायबोम या वैद्याने १६६६ साली त्यांचे वर्णन केले, म्हणून त्यांना मायबोमियन ग्रंथी म्हणतात. दुधावर साय धरली की खालचे दूध लवकर आटत नाही, तसे हे तेल खालच्या पाण्याला उडून जाऊ देत नाही.

आता कोरडेपणा दोन वाटांनी येतो हे सहज लक्षात येईल. एक तर पाणीच कमी तयार होते, किंवा पाणी पुरेसे असूनही तेल बिघडल्यामुळे ते भराभर उडून जाते. पुष्कळ रुग्णांत हा दुसरा प्रकार आढळतो, आणि कित्येकांत दोन्ही एकत्र असतात.

यातूनच एक विचित्र गोष्ट घडते. रुग्ण म्हणतो, "डॉक्टरसाहेब, माझ्या डोळ्यांतून सारखे पाणी वाहते आणि तुम्ही म्हणता डोळे कोरडे आहेत!" त्याचे म्हणणे खोटे नसते. डोळ्याचा पृष्ठभाग सुकला की तो चुरचुरतो, ती चुरचुर मेंदूपर्यंत जाते आणि अश्रुग्रंथी एकदम पाण्याचा लोंढा सोडते. परंतु या लोंढ्यात तेल आणि श्लेष्मा यांचे प्रमाण नीट नसते. ते गालावर ओघळून जाते आणि डोळा पुन्हा होता तसाच राहतो. जोराचा पाऊस उतारावरून वाहून जावा आणि जमीन मात्र कोरडीच राहावी, तसा हा प्रकार आहे.

डोळ्यांत वाळू गेल्यासारखे वाटणे, जळजळ, खुपणे, संध्याकाळपर्यंत पापण्या जड होणे, वाऱ्यात किंवा पंख्याखाली त्रास वाढणे, आणि वाचताना अक्षर पुसट होऊन पापणी मिटताच पुन्हा स्पष्ट दिसणे, ही या विकाराची नेहमीची लक्षणे होत.

एकच देश, तीन आकडे

आता आकड्यांकडे वळू. विद्यार्थ्यांनी येथे विशेष लक्ष द्यावे.

पहिला आकडा जयपूरचा. तेथील रुग्णालयात वीस वर्षांवरील ५०० रुग्णांची तपासणी करण्यात आली आणि तिचा अहवाल २००५ साली प्रसिद्ध झाला. या रुग्णांना प्रश्न विचारले गेले आणि त्यांच्या अश्रूंच्या निरनिराळ्या चाचण्याही केल्या गेल्या. ५०० पैकी ९२ जणांचे डोळे कोरडे आढळले, म्हणजे १८.४ टक्के.

दुसरा आकडा दिल्लीचा. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील नेत्रतज्ज्ञांनी २०१८ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात पंधरा हजारांहून अधिक रुग्ण होते. त्यांना बारा प्रश्नांची एक ठराविक प्रश्नावली देऊन गुण मोजण्यात आले. ३२ टक्के रुग्ण कोरडेपणाच्या वर्गात बसले. म्हणजे जवळजवळ तिघांत एक.

तिसरा आकडा हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेच्या रुग्णालयांचा. त्यांनी संगणकात साठवलेल्या नोंदींवरून १४,५८,८३० नव्या रुग्णांचा हिशेब मांडला आणि तो २०१९ साली प्रसिद्ध केला. त्यांपैकी २१,२९० जणांच्या कागदावर कोरड्या डोळ्यांचे निदान लिहिलेले होते. टक्केवारी निघाली अवघी १.४६.

पाहा, ३२ कोठे आणि दीड कोठे! एखादा घाईचा वाचक म्हणेल, यातील एक तरी आकडा खोटा असला पाहिजे. परंतु तसे नाही. तिन्ही आकडे आपापल्या जागी खरे आहेत. टक्केवारी समोर आली की तिला तीन प्रश्न विचारावेत. कोणाला मोजले? कोणत्या मापाने मोजले? आणि कोठे उभे राहून मोजले?

पहिला प्रश्न, कोणाला मोजले. जयपूरला वीस वर्षांवरील माणसेच घेतली होती. मुले घेतली असती तर आकडा बदलला असता, केवळ वृद्ध घेतले असते तरीही बदलला असता.

दुसरा प्रश्न, मापाचा. कोरड्या डोळ्यांसाठी तापाप्रमाणे एकच थर्मामीटर नाही. एक चाचणी जर्मन नेत्रतज्ज्ञ ओटो शिर्मर यांनी १९०३ साली सांगितली. टिपकागदाची पाच मिलिमीटर रुंद पट्टी खालच्या पापणीत अडकवायची आणि पाच मिनिटांत ती किती भिजते ते पाहायचे. पाच मिलिमीटरही भिजली नाही तर पाणी फारच कमी आहे असे समजतात. दुसऱ्या चाचणीत डोळ्यात पिवळा रंग घालून रुग्णाला पापणी न मिटता समोर पाहायला सांगतात आणि अश्रूंचा थर किती सेकंदांत फाटतो ते मोजतात. दहा सेकंदांच्या आत फाटला तर तो अस्थिर मानतात. तिसरे माप म्हणजे प्रश्नावली. आता गंमत अशी की ही मापे नेहमी एकमेकांशी जुळत नाहीत. एखाद्याची पट्टी चांगली भिजते पण त्रास फार असतो. दुसऱ्याच्या डोळ्यावर सुकल्याचे डाग दिसतात आणि तो म्हणतो, मला काहीच होत नाही. जो केवळ विचारील त्याला एक आकडा मिळेल, आणि जो केवळ तपासील त्याला दुसरा मिळेल. २०१७ साली जगभरच्या तज्ज्ञांनी या विकारावरील सर्व अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा निरनिराळ्या देशांतील प्रमाण ५ टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत पसरलेले दिसले. त्याचे एक मोठे कारण हे मापच आहे.

तिसरा प्रश्न, कोठे उभे राहून मोजले. सायकल दुरुस्तीच्या दुकानात बसून पंक्चर झालेल्या सायकली मोजल्या आणि गावातील निम्म्या सायकली पंक्चर आहेत असे जाहीर केले, तर आपण हसू. डोळ्यांच्या दवाखान्यात मुळात ज्यांना डोळ्यांचा त्रास आहे तेच येतात. म्हणून दवाखान्यातील ३२ टक्के म्हणजे गल्लीतील ३२ टक्के नव्हेत. वर्तमानपत्रात "दर तिघांत एकाला रोग" असा मथळा दिसला की विद्यार्थ्यांनी हे पंक्चरचे दुकान आठवावे.

जो विचारला जात नाही तो मोजला जात नाही

परंतु या आकड्यांतून पालकांसाठी जी गोष्ट निघते ती मला अधिक महत्त्वाची वाटते. पहिल्या दोन ठिकाणी डॉक्टर हा विकार शोधायला निघाले होते. प्रत्येक रुग्णाला, तो कशासाठीही आलेला असो, मुद्दाम विचारण्यात आले. तिसऱ्या ठिकाणी रोजच्या कामात निदान म्हणून जे नोंदले गेले तेवढेच मोजले गेले. मोतीबिंदूसाठी आलेल्या आजोबांच्या कागदावर मोतीबिंदू लिहिला जातो, चष्म्यासाठी आलेल्या मुलीच्या कागदावर चष्म्याचा नंबर. डोळे चुरचुरतात हे त्यांनी सांगितले नाही तर ते कागदावर येण्याचा संभव कमी.

याचा अर्थ प्रश्नावलीत सापडलेला प्रत्येक जण कोरड्या डोळ्यांचाच रोगी असतो असे नाही. जळजळ ॲलर्जीने होते, चुकीच्या नंबरच्या चष्म्यानेही होते, आणि बारा प्रश्नांची जाळी काही वेळा हे मासेही पकडते. तरीसुद्धा विचारल्यावर जे सापडते आणि न विचारता जे सापडते, त्यांतील अंतर बरेच मोठे आहे. त्या अंतरात बसलेली माणसे कोण, याचा विचार आपण केला पाहिजे.

त्यांत स्त्रिया अधिक असाव्यात असे मला वाटते. जयपूरच्या अभ्यासात पुरुषांत हे प्रमाण १४.९ टक्के आणि स्त्रियांत २२.८ टक्के होते. जगभर साधारण असेच आढळते. अश्रू आणि पापणीतील तेल यांच्या निर्मितीवर शरीरातील संप्रेरकांचा प्रभाव असतो, आणि पाळी बंद होण्याच्या सुमारास स्त्रियांत हा त्रास वाढतो. आपल्या घरांत काय होते ते आपण जाणतो. अम्मीचे डोळे लाल दिसले तर चुलीचा धूर, कांदा किंवा जागरण यांवर दोष ढकलला जातो. तीही "काही नाही, होईल बरे" म्हणून पदराने डोळे पुसते आणि कामाला लागते. मुलाच्या चष्म्यासाठी ती दवाखान्यात तासभर बसते, पण स्वतःच्या डोळ्यांविषयी एक शब्द काढीत नाही. डॉक्टरपुढे गर्दी असते, तोही विचारीत नाही. अशा रीतीने ती कोणत्याच टक्केवारीत येत नाही.

१९३३ साली हेन्रिक शोग्रेन या स्वीडिश नेत्रतज्ज्ञाने आपल्या प्रबंधात अशाच १९ स्त्रियांची हकिकत मांडली होती. त्यांचे डोळे कोरडे होते, तोंडही कोरडे होते आणि बहुतेकींचे सांधे दुखत होते. या वरवर वेगळ्या दिसणाऱ्या तक्रारी मिळून शरीराचा एकच रोग असू शकतो, हे त्यामुळे लोकांच्या ध्यानी आले. आज त्या रोगाला त्यांचेच नाव आहे. घरातील एखाद्या भगिनीला डोळ्यांच्या कोरडेपणाबरोबर पाण्याच्या घोटाशिवाय भाकरीचा घास गिळता येत नसेल, सांधे दुखत असतील, तर ही गोष्ट नेत्रतज्ज्ञाला अवश्य सांगावी. येथे केवळ थेंबांनी भागत नाही.

दुसरा वर्ग वृद्धांचा. वयाबरोबर अश्रू कमी होतात. शिवाय ॲलर्जीच्या, मानसिक आजाराच्या काही गोळ्या तोंड सुकवतात तसे डोळेही सुकवतात. मधुमेह्यांतही हा विकार अधिक दिसतो. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेपूर्वी तर याकडे मुद्दाम पाहावे लागते. अमेरिकेत शस्त्रक्रियेसाठी आलेल्या १३६ रुग्णांची पाहणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. त्यांतील निम्म्याहून अधिक डोळ्यांत अश्रूंचा थर पाच सेकंदांच्या आत फाटत होता, आणि यांतील पुष्कळांची काही तक्रार नव्हती. डोळा कोरडा असला तर आत बसवायच्या भिंगाचे मोजमाप चुकण्याची शक्यता असते. म्हणून आजोबांना शस्त्रक्रियेसाठी नेताना डोळे चुरचुरतात का, हे घरच्यांनीच डॉक्टरांच्या कानी घालावे.

विद्यार्थी आणि पडदा

आता विद्यार्थ्यांकडे येतो. पापणी मिटणे ही डोळ्याची झाडलोट आहे. प्रत्येक मिटण्याबरोबर अश्रूंचा नवा थर पसरतो आणि ग्रंथीतील तेल बाहेर येते. जपानमध्ये कार्यालयात काम करणाऱ्या १०४ जणांचे निरीक्षण करून १९९३ साली असे दाखवण्यात आले की, स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सरासरी २२ वेळा पापण्या मिटतो, पुस्तक वाचताना १० वेळा आणि संगणकाच्या पडद्याकडे पाहताना केवळ ७ वेळा. त्या काळी मोबाइल आजच्यासारखा हातोहाती नव्हता. आज पडदा शाळकरी मुलांच्या हातात आणि उशाशी आहे.

येथे पुस्तकाचा आकडाही नीट पाहा. वाचतानाही पापण्या कमी मिटतात. म्हणजे दोष एकट्या मोबाइलचा नाही, एकाग्रतेचाही आहे. मग पुस्तकाने डोळे तितके का सुकत नाहीत? एक कारण असे की, पुस्तक आपण खाली धरतो, त्यामुळे पापण्या अर्ध्या मिटलेल्या असतात आणि डोळ्याचा थोडाच भाग हवेला उघडा राहतो. टेबलावरचा उंच पडदा पाहताना डोळे सताड उघडे राहतात. म्हणून पडदा नजरेच्या रेषेच्या थोडा खाली असावा.

कोरियात शाळेतील ९१६ मुलांची तपासणी झाली आणि २०१६ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ६.६ टक्के मुलांचे डोळे कोरडे आढळले. शहरातील मुलांत ८.३ टक्के, खेड्यातील मुलांत २.८ टक्के. जी मुले मोबाइल अधिक पाहत होती त्यांच्यात त्रास अधिक होता. ज्यांना त्रास होता त्यांचा मोबाइल चार आठवडे बंद केल्यावर त्यांच्या डोळ्यांत सुधारणा दिसली. ही मोजणी दवाखान्यात नव्हे, शाळेतील मुलांची आहे, हे विद्यार्थ्यांनी टिपून घ्यावे. म्हणून हे आकडे लहान दिसतात, पण शाळेविषयी बोलायचे तर तेच अधिक उपयोगाचे आहेत. साठ मुलांच्या वर्गात या हिशेबाने चार मुले निघतात. त्यांतील एखादे मूल सारखे डोळे चोळते आणि दोन पाने वाचून पुस्तक मिटते. घरात त्याला आळशी म्हटले जाते. रागावण्याआधी त्याचे डोळे एकदा तपासून घ्यावेत, एवढीच पालकांना माझी विनंती आहे.

लहान मुलांच्या बाबतीत एक स्वतंत्र इशारा दिला पाहिजे. अ जीवनसत्त्वाच्या अभावानेही डोळे कोरडे होतात, पण तो रोग वेगळा आणि कितीतरी अधिक भयंकर आहे. त्यात प्रथम संध्याकाळी दिसेनासे होते, मग डोळ्याच्या पांढऱ्या भागावर फेसासारखे डाग येतात, आणि उपचार न झाल्यास बुबुळ विरघळून कायमचे अंधत्व येते. यासाठी आपल्या देशात १९७० पासून सरकारी कार्यक्रम चालू आहे. नवव्या महिन्यात पहिला डोस आणि नंतर पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी एक डोस दिला जातो. तो चुकवू नये. हिरव्या पालेभाज्या, गाजर, पिकलेली पपई, आंबा, अंडी, दूध ही मुलाच्या ताटात असावीत. अंधार पडल्यावर मूल चाचपडत असेल तर एक दिवसही थांबू नये.

काय करावे, काय टाळावे

नेहमीच्या कोरडेपणावर पहिला उपाय घरचाच आहे. स्वच्छ फडके सोसवेल इतक्या कोमट पाण्यात भिजवून, पिळून, मिटलेल्या पापण्यांवर पाच ते दहा मिनिटे ठेवावे. गार झाले की पुन्हा भिजवावे. त्याने ग्रंथीतील गोठलेले तेल सैल होते. नंतर बोटाने पापणीवर हलका दाब देत कडेकडे न्यावे आणि कडा पुसून घ्याव्यात. हे रोज आणि काही आठवडे करावे लागते. दोन दिवसांत गुण येत नाही म्हणून सोडून देणारेच अधिक.

पंख्याचा झोत तोंडावर घेऊ नये. मोटारसायकलवर चष्मा घालावा. घरात कोणी विडी-सिगारेट ओढू नये. अभ्यास करताना दर वीस मिनिटांनी मान वर करून दूर पाहावे आणि पापण्या चार-सहा वेळा पूर्ण मिटाव्यात.

कृत्रिम अश्रूंचे थेंब उपयोगी असतात, परंतु बाटलीतील औषध टिकावे म्हणून घातलेले रसायन वारंवार पडले तर डोळ्याच्या पृष्ठभागाला इजा करू शकते. दिवसातून चारपेक्षा अधिक वेळा थेंब लागत असतील तर असे रसायन नसलेले थेंब डॉक्टरांकडून लिहून घ्यावेत. उघडलेली बाटली महिन्याहून अधिक ठेवू नये, आणि एकाची बाटली दुसऱ्याने वापरू नये. माशाच्या तेलाच्या गोळ्यांचा हल्ली फार बोलबाला आहे. अमेरिकेत ५३५ रुग्णांवर वर्षभर केलेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या गोळ्या ऑलिव्ह तेलाच्या गोळ्यांपेक्षा अधिक गुणकारी ठरल्या नाहीत. ज्यांचे उत्पन्न बेताचे आहे त्यांनी या गोळ्यांवर पैसे घालण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

सर्वांत मोठा धोका मात्र औषधाच्या दुकानातून मनाने आणलेल्या थेंबांचा आहे. डोळा लाल आहे म्हटले की काउंटरवरून एखादी बाटली मिळते. तिच्यात पुष्कळदा स्टेरॉइड असते. डोळा दोन दिवसांत पांढरा स्वच्छ होतो, म्हणून ती बाटली घरात कायमची होते. महिनोन्महिने असे थेंब घातले तर डोळ्यातील दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदू लवकर येऊ शकतो, आणि काचबिंदूने गेलेली दृष्टी परत येत नाही. साध्या चुरचुरीसाठी केवढी ही किंमत! गुलाबपाणी, मध, कांद्याचा रस हेही डोळ्यात घालू नयेत. ते निर्जंतुक नसतात.

सुरम्याविषयी दोन शब्द. आपल्याकडे तो घरोघरी आहे आणि त्याच्याशी भावना जोडलेल्या आहेत. अरबी भाषेत नेत्रवैद्याला कह्हाल म्हणतात. तो शब्दही सुरम्याच्या अरबी नावावरून आला आहे. परंतु बाजारातील काही सुरम्यांत शिसे आढळले आहे, आणि शिसे लहान मुलांच्या मेंदूला घातक असते. शिवाय पापणीच्या कडेवर ओढलेली कोणतीही भुकटी तेथील तेलग्रंथींची तोंडे बुजवते. मुलांच्या डोळ्यात तो घालू नये, आणि ज्यांचे डोळे कोरडे आहेत त्यांनीही टाळावा.

रमजानमध्ये पुष्कळ रुग्ण डोळ्यांचे थेंब आपल्या मनानेच बंद करतात. थेंबांनी रोजा राहतो की नाही हा प्रश्न आलिमांना विचारावा. औषधाच्या वेळा इफ्तार ते सहरी या काळात बसवता येतील का, हे डॉक्टरांना विचारावे. दोघांनाही न विचारता औषध सोडू नये. काचबिंदूच्या रुग्णांनी तर मुळीच नाही.

आणि डोळ्यात तीव्र वेदना, एकाएकी कमी दिसणे, उजेड सहन न होणे किंवा बुबुळावर पांढरा ठिपका, यांपैकी काहीही दिसले तर तो कोरडेपणा समजून घरी बसू नये. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावे.

मित्रहो, अली इब्न ईसा नावाचा एक नेत्रवैद्य सुमारे हजार वर्षांपूर्वी बगदादमध्ये होऊन गेला. त्याने डोळ्यांच्या १३० रोगांचे वर्णन करणारा ग्रंथ लिहिला, आणि त्याचे तीन भाग केले. एक डोळ्याच्या रचनेचा, दुसरा बाहेरून दिसणाऱ्या रोगांचा, आणि तिसरा बाहेरून न दिसणाऱ्या रोगांचा. आज आपल्याजवळ सूक्ष्म उपकरणे आहेत, संगणकातील लाखो नोंदी आहेत. तरीही चुरचुर आणि जळजळ किती आहे हे उपकरणाला कळत नाही. ते रुग्णाच्या तोंडूनच कळावे लागते. त्यासाठी कोणीतरी विचारावे लागते.

म्हणून विद्यार्थ्यांना माझे सांगणे असे की, घरी गेल्यावर आपल्या अम्मीला, दादीला, नानीला आज एवढेच विचारा, "तुमचे डोळे जळतात का? वाळू गेल्यासारखे वाटते का? किती दिवसांपासून?" उत्तर होय आले तर ते एका कागदावर लिहा, त्या कोणत्या गोळ्या घेतात तेही लिहा, आणि पुढच्या वेळी दवाखान्यात जाताना तो कागद बरोबर न्या. पालकांना सांगणे असे की, मूल डोळे चोळते हे दिसले तर आधी त्याचा मोबाइल आणि मग त्याचे डोळे तपासा. दवाखान्यातील टक्केवारी ठरवण्याचे काम तज्ज्ञ करतील. आपल्या घरातील माणूस त्या मोजणीतून सुटू नये, एवढे पाहणे आपल्या हाती आहे.